दोन कोसांचा चौकोन

दीक्षानं पुढं होऊन मॉनिटरचं बटण दाबलं आणि पडदा काळा केला.

राहील मुल्लाचा हात माउसवर तसाच राहिला. तो मिरजेचा, पुण्यातल्या एका कंपनीसाठी नकाशे काढायचं सॉफ्टवेअर विकत हिंडणारा तरुण. सकाळपासून घसा कोरडा होईस्तोवर बोलत होता आणि आत्ता कुठं त्याला रंग चढला होता. शेजारच्या खुर्चीत नानासो होते, सांगलीच्या माळरान मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काळ्या पडद्याकडे बघितलं.

"काय झालं हो?"

"व्होल्टेज वरखाली होतंय, सर," दीक्षा म्हणाली. "मशीन जळायचं."

डोक्यावरचा पंखा एका चालीनं फिरत होता. ट्यूबलाइट मिणमिणलीसुद्धा नव्हती. खोटं बोलायची सवय नसली की माणसाचं असं होतं, सगळ्यांना दिसेल असं खोटं बोलून बसतं. तिनं हात ओढणीत गुंडाळून घेतले.

खोलीतला चौथा माणूस मात्र पंख्याकडेही बघत नव्हता आणि तिच्याकडेही. लालासाहेब अजून त्या काळ्या पडद्याकडेच बघत होता. हा गडी विट्याच्या पुढच्या कुसळवाडीचा, पण पोट तिकडे कोइमतूरला. तिथं त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. वर्षातून दोनदा गावाकडं यायचा आणि आला की हात सैल सोडायचा. एका वर्षी मारुतीला कळस, एका वर्षी शाळेला पत्रा, आणि यंदा कुणीतरी कानावर घातलं म्हणून माळरान मंडळाला कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. कुठलं घ्यायचं ते मंडळानं ठरवायचं होतं, पैसे तो भरणार होता.

"त्यो लाल टिपका," तो सावकाश म्हणाला, "आमच्या शिवंतला वाटला मला."



टिपका त्याच्याच शिवेतला होता. कुसळवाडीच्या ओढ्याच्या काठावर, करंजाच्या मुळांखाली, लांडगिणीचं बीळ होतं आणि बिळात पिल्लं होती. मंडळासाठी माळाची नोंद ठेवणाऱ्या दीक्षानं ते मोजणीच्या नकाशावर पेन्सिलनं टिंब देऊन मांडलं होतं आणि तिथून कॉम्प्युटरात घातलं होतं. राहील म्हणाला, तुमचीच काहीतरी माहिती द्या मॅडम, म्हणजे दाखवायला बरं पडेल. आणि या शहाण्या बाईनं आपली खरीखुरी फ्लॉपी काढून त्याच्या हातात दिली. दुसरी काहीही देता आली असती. गवतांची देता आली असती, पाखरांची देता आली असती. राहीलनं खाली मोजणीचा नकाशा अंथरला, वर तिचे टिपके सोडले, आणि बटण दाबत आत आत शिरत गेला. आधी दोन्ही जिल्हे, मग विट्यापासून औंधापर्यंतचा माळ, मग ओढा, मग ओढ्याची वळणं, पायवाट, विहीर. आणखी एकदा दाबलं असतं तर पिल्लांचे कान दिसले असते असं तिला वाटलं आणि तिनं पडदा विझवला.

एरवी तिनं असं काही केलं नसतं. पण महिन्याभरापूर्वी औंधाच्या अंगाला अंगणात झोपलेल्या एका मुलीला लांडगा चावला होता. पिसाळलेला असणार, कारण शहाणा लांडगा माणसाच्या वाऱ्याला उभा राहत नाही. पण हे सांगायचं कुणाला आणि ऐकायचं कुणी? त्या बाजूची माणसं तेव्हापासून पेंढा, मिरच्या आणि डिझेल घेऊन माळ धुंडाळत होती. बीळ दिसलं की तोंडाशी जाळ करायचा, धूर आत कोंडायचा आणि वर दगड रचायचे. दीक्षानं असं एक बीळ नंतर उकरून बघितलं होतं. त्यानंतर बरेच दिवस तिला जेवण गेलं नव्हतं.

कुसळवाडीचं बीळ वाचलं होतं ते एवढ्याचसाठी, की ते कुठं आहे हे दोघींनाच ठाऊक होतं. एक दीक्षा आणि दुसरी धोंडुबाई. धोंडुबाई म्हणजे माळावर मेंढरं राखणारी धनगराची म्हातारी. नवरा गेलेला, लेकी नांदायला गेलेल्या, आणि ही आपली मेंढरं घेऊन माळानं एकटी. दीक्षा वर्षभर तिच्या मागं मागं हिंडली तेव्हा कुठं म्हातारीनं एक दिवस करंजाकडे काठी केली होती.

"दावलं," ती म्हणाली होती. "आता तोंडाला कुलूप घाल. दर साली माझी कोकरं न्हेतुय मुडदा, शिव्या घालून घालून माझी जीभ झिजली. पर पिल्लावाली हाय ती. कुनाला कळलं तर तुझं-माझं न्हाई जमायचं."

"नाही सांगणार, मावशी," दीक्षा म्हणाली होती.

आणि आता तेच बीळ ती भर सभेत दाखवून बसली होती.

"सर," ती नानासोंना म्हणाली, "आपण ते स्वस्तातलंच घेऊ."

नानासोंचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर्षभर याच बाईनं त्यांचं डोकं खाल्लं होतं, की सर, घ्यायचं तर चांगलं घ्या, नाहीतर हातानं काढलेले नकाशे काय वाईट आहेत. आणि स्वस्तातलं म्हणजे कुठलं, तर परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं मास्तरलोकांसाठी केलेलं, जवळपास टपालखर्चात मिळणारं. त्याला टिपका कळत नसे. ते सगळ्या मुलखाचे चौकोन पाडायचं आणि एकेक चौकोन रंगवायचं. मंडळाच्या जुन्या मशीनवर ते जेमतेम चाले, आणि त्यात सातारा-सांगली दोन्ही जिल्हे बसवायचे तर एकेक चौकोन दोन कोसांचा होई. त्याचा नमुना बघून नानासो हसले होते, हा नकाशा आहे का गोधडी, म्हणून.

"गोधडी घ्यायची म्हणता?" आता ते म्हणाले.

"हो सर."

"पैशाचं मी बगतो की मॅडम," लालासाहेब म्हणाला. "तुमी कशापायी जीव बारीक करताय?"

दीक्षा बोलायला लागली ती थांबेचना. महागड्या सॉफ्टवेअरला मशीनच्या पाठीमागं कुलपासारखा एक खास प्लग लावावा लागतो, तो हरवला की सगळं ठप्प. दरवर्षी नवीन आवृत्ती, दरवर्षी लालासाहेबांकडे हात पसरायचा का? बिघडलं तर पुण्याहून माणूस येणार, तोवर काम बंद. आपलं मंडळ केवढं, आपली मशीन केवढी. सगळं अगदी खरं होतं. यातलं कुणीही खोडून काढू शकलं नसतं. फक्त तिच्या मनातलं कारण यात कुठंच नव्हतं.

"मॅडम," राहील म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. "त्याच्यात तुम्हाला नेमकी जागा कधीच दाखवता येणार नाही."

"चालेल."

राहीलनं तिच्याकडे नीट बघितलं. मग मॉनिटर लावला, खाली मान घालून काहीतरी टाइप केलं, आणि निघताना तिची फ्लॉपी तिच्या हातात दिली.

"मशीनवर उतरवली होती, ती पुसलीय," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे काही नाही."

नकाशा व्हायला पंधरवडा गेला. तो पंधरवडा दीक्षानं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा तास घेताना दारात शिपाई दिसला तरी तिच्या हातातला खडू थांबायचा. लालासाहेबाला किती दिसलं, किती कळलं, गावात जाऊन तो काय बोलला? विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की त्याला कळलंच. विट्याकडून येणाऱ्या कुणाच्या तोंडून लांडग्याचं नाव निघालं की तिचे कान उभे राहायचे. बातमी काही नव्हती. बातमी नाही म्हणून तिला अधिकच भीती वाटायची.

अखेर नकाशा छापून आला. माळाच्या भागात निरनिराळे रंग आणि त्यात कुसळवाडीवर एक मोठा लाल चौकोन. दीक्षानं तो टेबलावर पसरला आणि एखाद्या परक्या माणसाच्या नजरेनं बघितला. ओढा नाही, करंज नाही, वाट नाही. दोन कोसांच्या त्या लाल तुकड्यात बिळाचा पत्ता काढायचा तर गवताची काडी न् काडी उचलून बघावी लागली असती. तिनं खुर्चीत बसून पाय लांब केले आणि बऱ्याच दिवसांनी चहा गरम असताना प्याली.

नकाशाच्या प्रती वनखात्याच्या दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत गेल्या. सरकारदरबारी हा सगळा माळ पडीक म्हणून लिहिलेला, तो पडीक नाही हे दाखवण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. एक प्रत लालासाहेबानं गावासाठी मागून नेली. न्या की, दीक्षा म्हणाली. त्याला नाही म्हणायचं कारणच उरलं नव्हतं.

आठवडा झाला असेल नसेल, कॉलेजच्या ऑफिसात तिला फोन आला.

"मॅडम, लालासाहेब बोलतोय. उद्या सकाळी गावात या. गाव बसनार हाय."

"कशासाठी?"

"तुमच्या नकाशासाटी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

घरी आईनं ऐकलं आणि ती उठून उभीच राहिली. ती कुंडलची सून. त्यांच्या घरानं धम्म घेतल्याच्या नंतरच्या वर्षी गावानं तिच्या सासऱ्याला चावडीपुढं उन्हात उभं केलं होतं, आणि ते तिनं कोवळ्या वयात डोळ्यांनी बघितलं होतं.

"गाव बसतं तिथं एकटीनं जाऊ नये," ती म्हणाली. "नानासोंना घेऊन जा."

"ते साताऱ्याला गेलेत, आई. आणि आता ते दिवस राहिले नाहीत."

"व्हय, दिवस न्हाईत," आई म्हणाली. "गाव हाय की."

विट्याहून पुढच्या एसटीत दीक्षा खिडकीशी बसली. फाल्गुनाचा माळ पिवळा पडला होता, गवत इतकं वाळलेलं की गाडीच्या वाऱ्यानं सळसळत होतं. कुठं धूर दिसतोय का ते ती बघत राहिली. धूर नव्हता. मग तिला वाटलं, धूर निघून गेला असेल. बीळ बुजवून झालं असेल, आणि मला बोलावलंय ते दाखवायला. फाट्यावर उतरून ती गावाकडं चालू लागली.

मारुतीच्या देवळापुढच्या पारावर माणसं बसली होती. बायका पलीकडे पत्र्याच्या सावलीला उभ्या होत्या आणि त्यांच्यात काठी टेकून धोंडुबाईही होती. तिनं दीक्षाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. पाराच्या मधोमध नकाशा अंथरला होता, चार कोपऱ्यांवर चार दगड. पायरीशी डिझेलचा डबा ठेवलेला होता.

तो डबा बघितल्यावर दीक्षाला नकाशा धड दिसेना.

"बसा मॅडम," सरपंच हिंदुराव म्हणाले. साठीचा माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. "च्या घेनार?"

"नको."

"मग सांगा, ह्यो लाल चौकोन कशाचा?"

"लांडग्याचा," दीक्षा म्हणाली. "म्हणजे लांडगा जिथं राहतो त्या भागाचा."

"ह्यात आमचं गाव हाय."

"हो."

"वरच्या दोन वाड्या हायत. माझी हीर हाय. ह्यो मारुती हाय." हिंदुरावांनी नकाशावरून हात फिरवला. "एवड्या समद्यात लांडगा ऱ्हातुय?"

मागं कुणीतरी हसलं. त्याला कुणी साथ दिली नाही.

"तसं नाही. तो कुठंतरी एका ठिकाणी असतो. पण नकाशात चौकोनच येतो."

"सरकारला म्हाईत हाय व्हय हे? का सरकार चौकोनच बगनार?"

हिंदुराव समजुतीच्या सुरात पुढं बोलत राहिले. "खाली एका तालुक्यात पक्ष्यापायी लोकांच्या जिमनी अडाकल्या. माझी थोरली मेव्हणी तिकडंच दिलीय. इकता येत न्हाई, हीर पाडता येत न्हाई, मेंढरू सोडलं की दंड. एका पक्ष्यापायी. हितं तर तुमी गावाला, वाड्यास्नी, समद्यास्नी लाल रंग लावून कागूद सरकारी हापिसात दिऊन आलाय. दिलाय न्हवं?"

"दिलाय," ती म्हणाली. "पण हा नुसता अभ्यासाचा नकाशा आहे. लगेच असं काही होत नाही."

"लगीच न्हाई. मग कवा?"

तिला हे कधी सुचलंच नव्हतं. इतके दिवस ती या माणसांना घाबरत होती. ही माणसं तिला घाबरलेली असतील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पारावरचे चेहरे तिनं पहिल्यांदा नीट बघितले. एक म्हातारा उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. कुणाच्याच चेहऱ्यावर राग नव्हता, आणि रागाला तरी ती काहीतरी बोलली असती.

"म्या म्हनलं हुतं," लालासाहेब म्हणाला. "चांगलं घ्या म्हनलं हुतं. टिपका असता तर टिपक्यापुरती जागा गेली असती. ह्यो चौकोन आमास्नी घरादारासकट खातुय, मॅडम."

"आता आमी काय ठरीवलंय ते सांगतो," हिंदुराव म्हणाले. "उद्या दिस उगवायला माळ पेटवायचा. चारी अंगांनी. लांडगाच ऱ्हायला न्हाई म्हंजी तुमाला चौकोन पुसावा लागंल. लागंल का न्हाई?"

"गवत जळेल सगळं," दीक्षा म्हणाली. "मेंढरं काय खातील?"

"एक साल उपाशी ऱ्हातील. जमीन गेली तर जन्माची उपाशी." ते थांबले. "न्हाईतर दुसरं हाय. तुमी नेमकी जागा सांगा. तेवडी सरकारला दिऊन टाकू. दुसरा नकाशा काडा, तेवड्याच जागंचा. बाकीचं आमचं आमाला सोडा."

"जागा सांगा नुसती," मागून एक तरणा गडी म्हणाला. "म्होरचं आमी बगतो."

म्होरचं म्हणजे काय ते डबा सांगतच होता. सांगितलं तर पिल्लं जातात. नाही सांगितलं तरी जातात, आणि त्यांच्याबरोबर ससे, खोकड, जमिनीवरची पाखरांची घरटी, माळावरचं जिवंत ते सगळं जातं. दीक्षानं तोंड उघडलं आणि पुन्हा एकदा ती खोटं बोलली.

"मला नेमकी जागा ठाऊक नाही."

"आवं, नकाशा तुमीच काडलाय न्हवं?" हिंदुराव म्हणाले.

"मॅडमना ठावं हाय." लालासाहेब नकाशापुढं उकिडवा बसला. "सांगलीत मी टिपका बगितला हुता. माझी नजर पडली तवाच ह्यांनी पडदा बंद केला. ते काय व्होल्टेज-बिल्टेज न्हवतं."

सगळा पार तिच्याकडे बघायला लागला. उन्हात उभे असलेले आपले आजोबा तिनं कधी बघितले नव्हते, ते आत्ता दिसले.

"ओढ्याच्या अंगाला हुता टिपका," लालासाहेब आठवत आठवत म्हणाला. त्याचं बोट कागदावर फिरू लागलं. "हीर हिकडं हुती... म्हंजी नदरंसमोर हाय माझ्या... ओढा असा वळतुय, आन्..."

ओढ्याकाठची ती जमीन हिंदुरावांची होती. दीक्षानं त्यांच्याकडे बघितलं. ते लालासाहेबाच्या बोटाकडे बघत होते आणि त्यांच्या गालाची शीर उडत होती.

"माझं वाडगं कुटं आलं ह्यात?"

धोंडुबाई बायकांतून पुढं आली होती. वाडगं म्हणजे तिचं मेंढरं कोंडायचं दगडी कुंपण. पाराच्या कडेला काठी ठेवून ती वर चढली, तशी दोन माणसं आपसूक बाजूला झाली.

"तुझं काय मधीच, म्हातारे?" कुणीतरी म्हणालं.

"सांगा तर. मला अक्षर कळत न्हाई. माझं वाडगं कुटं आलं?"

लालासाहेबानं बोट उचललं आणि चौकोनाच्या खालच्या कोपऱ्याशी टेकवलं. "हितं आलं असंल. तालीच्या बांधाच्या वर."

धोंडुबाई खाली बसली. तिनं लालासाहेबाचं बोट बाजूला केलं आणि त्या जागी आपला अंगठा ठेवला.

"हितं हाय," ती म्हणाली. "माझ्या वाडग्यामागं, तालीच्या बुडाला. हितंच हाय त्येचं बीळ."

त्या वाडग्यावर धोंडुबाईची दांडगी कुत्री होती. दिवाळीत त्यांनी विजेच्या लाइनमनला खांबावर चढवून संध्याकाळपर्यंत खाली येऊ दिलं नव्हतं. त्या कुत्र्यांच्या नाकापुढं लांडगीण पिल्लं घालते, हे पारावरच्या लहान पोरालाही पटलं नसतं.

"तुजी कुत्री काय करत्यात मग?" हिंदुरावांनी विचारलं.

"म्हातारी झाल्याती."

"आन् तू आजवर बोलली न्हाईस?"

"कुनी इचारलंच न्हाई."

हिंदुराव तिच्याकडे बघत राहिले. म्हातारीनं अंगठा उचलला नाही.

"धोंडुबाई, जमीन अडाकंल तुजी," ते म्हणाले. "उताऱ्यावर नाव लागलंय न्हवं तुजं?"

"मालक गेल्यावर लागलं. अडाकू द्या. मला काय इकायची हाय?"

"आवं पर हे खरं न्हाई..." मागचा तो तरणा गडी बोलू लागला.

"म्हातारी म्हनती न्हवं हाय म्हनून?" हिंदुरावांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "तिच्या जागंत काय हाय, काय न्हाई, ते तिला ठावं का तुला?"

लालासाहेब उठला, गुडघ्यावरची धूळ झाडली आणि ओढा कुठं वळतो ते पुन्हा आठवायच्या फंदात पडला नाही. उपरणंवाल्या म्हाताऱ्यानं टोक बोटावरून सोडलं ते सोडलंच. एकेकाच्या अंगातलं काहीतरी सैल पडत गेलं आणि ते दीक्षाला दिसत होतं. म्हातारी खोटं बोलतेय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण अडकणारी जमीन त्यांची नव्हती.

"लिवा मॅडम," हिंदुराव म्हणाले.

तिनं पर्समधून पेन काढलं. दोन वर्षांत तिनं एकही टिंब अंदाजानं टाकलं नव्हतं. चार पावलांची शंका आली तरी ती पुन्हा त्याच माळावर जाऊन मोजून यायची. धोंडुबाईनं अंगठा बाजूला घेतला. कागदावर घामाचा ओला वण राहिला होता. दीक्षानं त्याच्यावर पेन टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही, त्यामुळे टिंब मोठं झालं.

"एवडंच न्हवं आता?" हिंदुरावांनी वाकून विचारलं. "नव्या नकाशात एवडंच?"

"एवढंच. मी हातानं काढून स्वतः कचेरीत नेऊन देते. आधीचा परत घेते."

"बरं." ते उठले आणि पायरीशी जाऊन उभे राहिले. "अरं, त्यो डबा उचला हितनं. इंजनाला लागंल."

माणसं पांगली. लालासाहेबानं चहाचं पुन्हा विचारलं, दीक्षानं पुन्हा नको म्हटलं. एसटीला अवकाश होता. धोंडुबाई फाट्यापर्यंत सोडायला तिच्याबरोबर निघाली. डाव्या हाताला ओढ्याची झाडी लांबवर दिसत होती, तिकडं दोघींपैकी कुणी बघितलं नाही. दीक्षाला म्हातारीच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि ते करायचं धाडस होत नव्हतं.

"मावशी," शेवटी ती म्हणाली, "तुम्ही हे का केलंत?"

धोंडुबाई चालत राहिली. फाट्यावरच्या लिंबाखाली आल्यावर तिनं काठी बुंध्याला लावली, पदरानं तोंड पुसलं, आणि मघाच्या म्हातारीच्या तोंडून कधी निघाला नसता अशा बारीक आवाजात विचारलं,

"पोरी, ते कवा येतील?"

"कोण?"

"सरकार. जागा बगायला."

दीक्षानं मान हलवली. तिला ठाऊक नव्हतं.

"आले तर वाडगं हलवाय सांगतील व्हय गं? मालकानं बांधलेलं हाय ते. दगूड अन् दगूड आमी दोघांनी व्हाऊन आनला." तिनं माळाकडे बघितलं. मेंढरं तालीच्या अंगाला चरत होती. "वाडगं घेतलं तर घिऊ देत. मेंढरं तर माझीच ऱ्हातील न्हवं?"

"राहतील, मावशी," दीक्षा म्हणाली.

धोंडुबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि पुन्हा तेच विचारलं.